आधी पडदा, मग दिवे

दिवाणखान्याच्या भिंतीसाठी ६० सेंटिमीटर लांब आणि तेवढेच रुंद असे एक प्रकाशचित्र, म्हणजे पडद्यामागच्या रंगीत एलईडी दिव्यांनी उजळणारी चौकट, घरी करायचे मी ठरवले, तेव्हा माझ्या दोन अपेक्षा होत्या. संध्याकाळनंतर त्यावरचे रंग इतक्या सावकाश पालटावेत की बदल होताना कळू नये, पण अर्ध्या तासाने पाहिले तर चित्र निराळे असावे, ही पहिली. आतला एकही दिवा ठिपक्यासारखा डोळ्यांत येऊ नये, ही दुसरी. पहिली बरीचशी प्रोग्रामच्या हातात होती. दुसरी मात्र दिवे कोणते घ्यायचे आणि त्यांच्यापुढे पडदा कशाचा लावायचा, या दोन निवडींवर उभी होती आणि या कामातला माझा बहुतेक वेळ त्याच दोन निवडींत गेला.

प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे ठरवता येतो अशा एलईडीच्या पट्ट्या आता सहज मिळतात, त्यामुळे बहुतेक जण आधी पट्टी विकत घेतात आणि तिच्यापुढे काय लावावे याचा शोध नंतर घेतात. मी मुद्दाम उलट्या क्रमाने गेले. पट्टीवर दोन दिव्यांमधले अंतर ठरलेले असते. मीटरला ३० दिवे असतील तर ते सुमारे ३३ मिलिमीटर असते, ६० असतील तर सुमारे १७, आणि १४४ असतील तर जेमतेम ७. पडदा दिव्यांपासून या अंतराच्या निम्म्यावर ठेवला तर ठिपके ठळक दिसतात. तेवढ्याच अंतरावर ठेवला तर ते मवाळ होतात. दीडपट अंतरावर, पडदा चांगला असल्यास, जवळजवळ नाहीसे होतात. म्हणजे चौकट भिंतीपासून किती पुढे आलेली चालेल हे एकदा ठरले की त्यावरून दिव्यांमधले अंतर ठरते, अंतरावरून संख्या ठरते आणि संख्येवरून वीज, तारा आणि खर्च.

माझ्या चौकटीत आत ५ सेंटिमीटर जागा देता येत होती. या हिशेबाने मीटरला ३० दिव्यांची पट्टी पुरेशी होती: १८ ओळी, प्रत्येकीत १८ दिवे, एकूण ३२४. हेच चित्र मीटरला ६० दिव्यांच्या पट्टीने केले असते तर १,२९६ दिवे लागले असते आणि प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा पेटवल्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो असे धरले, तर ५ व्होल्टवर सुमारे ७८ अँपिअरची तरतूद करावी लागली असती. शिवाय या जातीच्या दिव्यांना रंगाची माहिती एकामागून एक पोचते आणि प्रत्येकासाठी ३० मायक्रोसेकंद लागतात. १,२९६ दिव्यांचे एक पूर्ण चित्र पाठवायला जवळपास ३९ मिलिसेकंद, म्हणजे एका तारेवरून सेकंदाला फार तर २५ चित्रे. दिवे दाट घेतले की चित्र आपोआप देखणे होते हा समज म्हणूनच मला पटत नाही. चौकट पातळच हवी असेल तर दाट पट्टीला पर्याय नाही, पण खोलगट चौकट चालत असेल तर विरळ पट्टी आणि जास्त अंतर यांतून येणारा प्रकाश अधिक एकजीव असतो आणि खर्चही कितीतरी कमी होतो.

पडद्याची पारख करण्यासाठी मी जाड पुठ्ठ्याचे एक खोके केले, त्याला आतून मॅट पांढरा रंग दिला आणि बाजूच्या भिंतींना दर सेंटिमीटरवर खाचा पाडल्या, म्हणजे कोणताही नमुना हव्या त्या अंतरावर सरकवता येईल. तळाशी पट्टीचे तुकडे चिकटवले. आतला पांढरा रंग इथे फार महत्त्वाचा ठरतो, कारण पडद्यावरून आणि बाजूंवरून परतलेला प्रकाश पुन्हा पुढे येतो आणि दोन दिव्यांमधली पोकळी भरून काढतो. पारख नेहमी रात्री, समोरच्या भिंतीजवळ उभे राहून आणि नुसत्या डोळ्यांनी केली. मोबाइलच्या फोटोवर विसंबले नाही, कारण कॅमेरा उजळ भाग पांढराफटक करून टाकतो आणि उजेड कमी-जास्त करण्यासाठी एलईडी जी अतिशय वेगाने उघडझाप करतात तिच्यामुळे फोटोत जे पट्टे उमटतात ते डोळ्यांना दिसतच नाहीत.

नमुने गोळा करणे हा या कामातला आनंदाचा भाग होता. बटर पेपर, ट्रेसिंग पेपर आणि पतंगाचा कागद घेतला. मलमल आणि ऑर्गेंझा ही झिरझिरीत कापडे घेतली. वस्तूंभोवती गुंडाळून येणारा पांढरा फोम होताच. साइनबोर्ड करणाऱ्यांकडून मिल्की ॲक्रिलिकचे आणि फ्रॉस्टेड ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे आणले, आणि पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून वेगवेगळ्या जाडीचे हातकागद. या सगळ्यांत पहिला भेद मला स्पष्ट दिसला तो असा: काही पडदे प्रकाश विखुरतात आणि काही नुसते अंधूक करतात. ऑर्गेंझामधून आणि एकेरी मलमलीतून दिवा मंद दिसतो, पण तो दिवाच दिसतो, कारण धाग्यांमधल्या फटींतून किरण सरळ बाहेर येतात. पतंगाचा कागद बराच विखुरतो, तरीही मधोमध एक टोकदार बिंदू शिल्लक राहतो. फ्रॉस्टेड ॲक्रिलिकचा फक्त पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून तो किरणांना थोडेसेच वळवतो आणि प्रत्येक दिव्याभोवती एक गोल वलय उठते. मिल्की ॲक्रिलिकमध्ये प्रकाश विखुरणारे कण साऱ्या जाडीभर पसरलेले असतात, किरण आतल्या आत अनेकदा दिशा बदलतो आणि बाहेर पडताना सगळीकडे जवळपास सारखा पसरतो.

दुकानातच पारख करायची असेल तर एक साधी परीक्षा पुरते. मोबाइलचा टॉर्च नमुन्यापासून हातभर मागे धरून पाहावे. टॉर्चचा बिंदू धारदार कडेसह दिसला तर तो नमुना एकटा उपयोगाचा नाही. बिंदू विरघळून सारा तुकडाच उजळला तर तो घ्यावा. मिल्की ॲक्रिलिकमध्येही अनेक प्रती असतात आणि त्यांवरचे आकडे किंवा नावे दुकानागणिक बदलतात, त्यामुळे ही परीक्षा नावापेक्षा खात्रीची आहे. फोमची शीट या परीक्षेत उत्तम उतरते आणि अतिशय स्वस्तही असते. पडद्यामागे दुसरा थर म्हणून ती वापरायला माझी काहीच हरकत नाही, पण भिंतीवर दर्शनी भागात ती दिवसा फार सामान्य दिसते.

दिवसा कसे दिसते हा प्रश्न मला रात्रीइतकाच मोलाचा वाटतो. घरातले प्रकाशचित्र चोवीस तासांपैकी बहुतेक वेळ बंद असते आणि नुसते मिल्की ॲक्रिलिक बंद असताना कोऱ्या फळ्यासारखे वाटते. हातकागदाचे तसे नाही. त्यात धागे आणि गाठी असतात, कुठे लगदा दाट बसलेला असतो तर कुठे विरळ. दिवसा तो स्वतःच एक वस्तू म्हणून शोभतो, आणि रात्री मागून प्रकाश आला की जाडीतला हा फरक उजेड आणि सावली होऊन उमटतो. प्रोग्रामने कितीही रंग बदलले तरी ही कागदाची घडण जागची हलत नाही, आणि चित्राला जो स्थिरपणा येतो तो तिच्यामुळे येतो असे मला वाटते.

नुसत्या हातकागदावर मात्र भागत नाही. पातळ कागदातून बिंदू दिसतात, जाड कागद फार प्रकाश गिळतो, आणि पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, मग ताणून चारही कडांना चिकटवलेला असेल तर मधून ढिला पडतो. म्हणून मी दोन थर ठरवले. आत ३ मिलिमीटरचे मिल्की ॲक्रिलिक, जे विखुरण्याचे काम पूर्ण करते, आणि त्याच्यावर पातळ हातकागद, जो फक्त वरच्या कडेला चिकटवलेला आहे आणि बाकी तीन बाजूंनी चौकटीच्या खाचेत मोकळा आहे. ओलावा वाढला की त्याला खाली सरकायला जागा मिळते.

या दोन थरांत बराच प्रकाश खर्च होतो हे खरे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो तोटा वाटेल, पण मला तो फायद्याचा वाटतो. या दिव्यांत प्रत्येक रंगाची तीव्रता ० ते २५५ अशा पायऱ्यांनी ठरते. रात्रीच्या शांत खोलीत पातळ पडद्यामागे दिवे जेमतेम ५ किंवा ६ या पायरीवर ठेवावे लागतात, आणि तिथे ५ वरून ६ वर जाणे म्हणजे उजेड एकदम पाचव्या हिश्शाने वाढणे. १ वरून २ वर जाणे म्हणजे तो थेट दुप्पट होणे. सावकाश बदलणाऱ्या रंगात ही उडी स्पष्ट दिसते, आणि रंगांचे मिश्रणही तिथे खडबडीत होते, कारण लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण बारकाईने ठरवायला पायऱ्याच उरत नाहीत. पडदा दाट असला की त्याच उजेडासाठी दिवे ५० किंवा ६० या पायरीवर चालवता येतात आणि तिथली एकेक पायरी डोळ्यांना कळत नाही. भडक उजेड हवा असेल त्याने पातळ पडदा घ्यावा. ज्याला संथ बदल हवा आहे त्याने दाट पडद्याला घाबरू नये.

पडदा आणि अंतर पक्के झाल्यावरच मी दिव्यांकडे वळले. पुण्यात तपकीर गल्लीत पट्टी मागितली की पहिला प्रश्न येतो, "ताई, पीओपीसाठी हवी का साइनबोर्डसाठी?" छताच्या कडेला लावायच्या साध्या पट्ट्या पूर्ण लांबीभर एकच रंग दाखवतात. मांडव सजवणारे ज्यांना नुसते 'पिक्सेल' म्हणतात ते तारेत ओवलेले गोळीसारखे दिवे असतात आणि दुरून पाहायच्या मोठ्या आकृत्यांना ते छान शोभतात. मला हवी होती ती ५ व्होल्टची, प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप असलेली पट्टी.

त्यांतली सर्वांत परिचित जात डब्ल्यूएस २८१२बी. लाल, हिरवा, निळा आणि त्यांना चालवणारी चिप अशा चारही गोष्टी ५ मिलिमीटर चौरस घरात बसवलेल्या असतात आणि माहितीसाठी एकच तार पुरते. १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस २८११ पट्टीत बहुधा तीन दिवे मिळून एक चिप असते, म्हणजे तीन दिव्यांचा रंग एकच. माझ्या ३३ मिलिमीटरच्या जाळीला ती चालली नसती. डब्ल्यूएस २८१५ ही १२ व्होल्टची असूनही तिच्यात प्रत्येक दिवा स्वतंत्र आहे आणि माहितीची एक राखीव तारही आहे, त्यामुळे एक दिवा निकामी झाला तरी पुढचे चालू राहतात. लांब पल्ल्याच्या कामाला मी हीच सुचवीन. एपीए १०२ मध्ये माहितीबरोबर घड्याळाचीही, म्हणजे संकेत केव्हा वाचायचा हे सांगणारी, वेगळी तार असते. तिची उघडझाप सेकंदाला सुमारे २० हजार वेळा होते, तर जुन्या डब्ल्यूएस २८१२बीची सुमारे ४०० वेळा, म्हणून फोटो किंवा चित्रीकरण करायचे असेल तिथे एपीए १०२ योग्य, पण ती महाग पडते.

शेवटी निवड झाली ती एसके ६८१२ या जातीतल्या चार रंगांच्या पट्टीची, आणि त्याचे कारण पुन्हा कागदच होते. लाल, हिरवा आणि निळा एकत्र करून जो पांढरा मिळतो तो डोळ्यांना पांढरा भासतो, पण त्यात साधारण ६२०, ५२० आणि ४६५ नॅनोमीटरच्या आसपासचे तीनच उंचवटे असतात आणि मधला पिवळसर भाग जवळजवळ रिकामा असतो. हातकागदाचा नैसर्गिक रंग पिवळसर हस्तिदंती. तीन रंगांच्या पांढऱ्यात तो कधी गुलाबी झाक दाखवी, कधी हिरवट, आणि कागद निर्जीव वाटे. एसके ६८१२च्या या प्रकारात चौथी चिप खऱ्या पांढऱ्याची असते: निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा सोडणाऱ्या पदार्थाचा थर, ज्यामुळे मधली पोकळी भरून निघते. तीत उबदार, मध्यम आणि थंड असे पर्याय मिळतात. मी सुमारे ३,००० केल्व्हिनचा उबदार पांढरा घेतला, आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्यावर निर्णयाबद्दल शंका राहिली नाही. सगळ्या रंगांत थोडा उबदार पांढरा मिसळला की कागद कागदासारखा दिसतो आणि रंगही जास्त खोल वाटतात. पट्टी एकाच वेळी, एकाच बॅचची घ्यावी, एवढे मात्र आवर्जून सांगेन. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या रिळांतल्या पांढऱ्याची झाक वेगळी निघू शकते आणि मोठ्या सपाट पडद्यावर ती लपत नाही.

चार रंगांच्या दिव्याला ८० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो, म्हणजे ३२४ दिव्यांना कागदोपत्री २६ अँपिअर. प्रत्यक्षात रात्रीच्या उजेडाला त्याचा लहानसा भागच लागतो. दिवे चालवणाऱ्या ईएसपी ३२ या छोट्या कंट्रोलरवर मी डब्ल्यूएलईडी हा मुक्त प्रोग्राम घातला आहे आणि त्यात एकूण प्रवाहावर मर्यादा घालण्याची सोय आहे. मी ती ६ अँपिअरवर ठेवली, घरची वीज ५ व्होल्टची करून देणारा १० अँपिअरचा एसएमपीएस घेतला आणि तो व पट्ट्या यांच्या मध्ये फ्यूज बसवला. विजेचे वाटप हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण रंगाची शुद्धता त्यावरच अवलंबून असते. लाल चिपला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ पेक्षा अधिक लागतात. लांब पट्टीच्या शेवटी व्होल्टेज उतरले की आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि पांढरा पिवळट होत तांबूस होतो. म्हणून १८ ओळी एकामागून एक जोडून एका टोकाने वीज देण्याऐवजी दोन्ही बाजूंना जाड तांब्याच्या उभ्या तारा घेतल्या आणि प्रत्येक ओळीला थेट त्यांच्यावरून वीज दिली. माहितीची तार मात्र एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नागमोडी जाते, आणि ही नागमोड प्रोग्राममध्ये नोंदवता येते.

माहितीच्या तारेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ५ व्होल्टच्या दिव्याला संकेत ओळखण्यासाठी ३.५ व्होल्ट हवे असतात आणि ईएसपी ३२ फक्त ३.३ व्होल्ट देतो. अनेकदा काम तरीही चालते आणि मग एखाद्या दिवशी दिवे विनाकारण लुकलुकतात. ७४एएचसीटी१२५ ही स्वस्त चिप मध्ये घातली की तो संकेत ५ व्होल्टचा होतो. तिच्या पुढे ३३० ओहमचा रेझिस्टर आणि विजेच्या टोकांवर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्यावर हे प्रकरण मिटते.

संथ बदलणाऱ्या प्रकाशाला कला म्हणून उभे करणाऱ्यांत डेन्मार्कमध्ये जन्मलेले थॉमस विल्फ्रेड अग्रगण्य होते. त्यांनी १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'क्लॅव्हिलक्स' या यंत्रावर प्रकाशाचे जाहीर सादरीकरण केले, आणि पुढे घरात ठेवता येतील अशी कपाटासारखी यंत्रेही बनवली, ज्यांत प्रकाश अर्धपारदर्शक पडद्यावर मागून पडत असे. त्यांच्यापाशी एलईडी नव्हते, साधे दिवे, भिंगे आणि फिरणाऱ्या तबकड्या होत्या. पडदा आणि वेळ या दोहोंवर ताबा असला की दिव्याचे तंत्र दुय्यम ठरते, हे मला त्यांच्या कामाबद्दल वाचताना पटले.

हीच सामग्री आकाशकंदिलात वापरायची असेल तर निवड थोडी बदलते. कामट्या आणि रंगीत कागद यांचा जुना कंदील आत एकच पांढरा दिवा असे गृहीत धरतो. रंग कागदाचा, प्रकाश दिव्याचा. रंग बदलणारे दिवे लाल कागदामागे लावले तर हिरवा आणि निळा कागदातच अडतात आणि कंदील मधूनमधून काळवंडतो. म्हणून अशा कंदिलाचा कागद पांढरा किंवा फिकट हस्तिदंती हवा. पट्टी चारही बाजूंच्या आतल्या कडांना चिकटवण्यापेक्षा मधोमध एक पीव्हीसी पाइप उभा धरून त्यावर बाहेर तोंड करून गुंडाळावी, म्हणजे कागदापर्यंत ऐसपैस अंतर मिळते आणि मीटरला ३० दिवेही पुरतात. बाल्कनीत टांगायचा असेल तर सिलिकॉनचे आवरण असलेली पट्टी घ्यावी, आणि वीजपुरवठा घरातच ठेवून बाहेर फक्त ५ व्होल्टची तार न्यावी.

भिंतीवरच्या चौकटीला मागून एसीपीची, म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थरांची, पांढरी शीट आहे. पट्ट्यांचा स्वतःचा गोंद उन्हाळ्यात सुटतो, म्हणून प्रत्येक ओळीला दोन-तीन ठिकाणी सिलिकॉनचा ठिपका दिला आहे. ही मागची शीट स्क्रूने बसवली आहे, चिकटवलेली नाही, कारण एसके ६८१२ मध्ये प्रत्येक दिवा पुढच्या दिव्याला माहिती पोचवतो आणि एखादा निकामी झाला तर त्याच्या पुढचे सगळे अंधारात जातात. त्यासाठी त्याच बॅचच्या पट्टीचा अर्धा मीटर तुकडा मी राखून ठेवला आहे आणि ओळींचे क्रमांक शीटवर पेन्सिलने लिहिले आहेत.